कार्बनचा हिशेब: चटईचा कारखाना, केळीची बाग आणि घरचं वीजबिल

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी जळगावात लहान कारखान्यांची हिशेबाची कामं करते. चटईवाले, दालमिलवाले, पाइपवाले, एमआयडीसीतले बरेच जण माझ्याकडे असतात. अलीकडे यांच्याकडे एक नवा तक्ता यायला लागलाय. माल घेणारी मोठी कंपनी विचारते की तुमच्या कारखान्यातून वर्षाला किती कार्बन उत्सर्जन होतं ते भरून पाठवा. मालक तो तक्ता माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "ताई, टाका काहीतरी." असं काहीतरी टाकणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी हे कुठून आलं ते सांगते. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा, व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात ऊर्जा, पाणी, उत्सर्जन असं सगळं येतं. मोठ्या कंपनीचं उत्सर्जन तिच्या फाटकाशी थांबत नाही, तिला माल पुरवणाऱ्यांपर्यंत मागे जातं. त्यामुळे तिथला प्रश्न आपल्या दारात आलाय.

मोजण्याची पद्धत जगभर बहुतेक एकच वापरतात, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. तिची पहिली आवृत्ती २००१ ची. ती उत्सर्जनाचे तीन भाग करते. तुमच्या आवारात, तुमच्या मालकीच्या यंत्रात किंवा गाडीत जे जळतं ते स्कोप १, म्हणजे जनरेटरचं डिझेल, बॉयलरचं इंधन, कारखान्याचा टेम्पो. विकत घेतलेली वीज स्कोप २. बाकी सगळं स्कोप ३: कच्चा माल, भाड्याचा ट्रक, कामगारांचं येणंजाणं, विकलेल्या मालाचं पुढे काय होतं तेसुद्धा. स्कोप ३ चे एकूण १५ प्रकार आहेत. लहान कारखान्यानं पहिल्याच वर्षी सगळे भरायचा हट्ट धरू नये. कच्चा माल आणि वाहतूक धरली तरी बराचसा भाग हाती येतो.

आता माझं खरं म्हणणं. इंटरनेटवरची बरीच गणकयंत्रं तुम्हाला खर्च विचारतात, डिझेलवर किती रुपये गेले, विजेवर किती. रुपयांवरून काढलेलं उत्सर्जन कामाचं नाही. डिझेलचा भाव वाढला की तुमचं उत्सर्जन वाढल्यासारखं दिसतं, आणि लिटर तेवढेच असतात. शिवाय ही यंत्रं परदेशी सरासरी लावतात. ब्रिटनमध्ये एका युनिट विजेमागे साधारण ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. आपल्याकडे कोळशाची वीज जास्त, त्यामुळे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आकडा ०.७ किलोच्या आसपास असतो. चुकीचं गणकयंत्र निवडलंत तर तुमचा कारखाना कागदावर तिपटीहून जास्त स्वच्छ होतो.

म्हणून लिटर, किलो, युनिट यांतच मोजा, आणि ते आकडे स्वतःच्या वहीतून काढा. डिझेल एका लिटरला २.६८ किलो, पेट्रोल २.३ किलो, घरगुती गॅसचं १४.२ किलोचं सिलिंडर जवळजवळ ४२ किलो, वीज दर युनिटला ०.७ किलो. एवढ्यावर स्कोप १ आणि २ बऱ्यापैकी उभे राहतात. जनरेटरचं लॉगबुक, महावितरणची १२ बिलं, पंपावरच्या पावत्या, बास.

तुमच्या धंद्यातले, शेतातले, घरातले आकडे इथे टाका, मिळून हिशेब लावू.

---

खान्देशी_दाळ (धुळे)

ताई, भलतं कामनं लिखं तुम्ही. दोन प्रश्न.

एक, लिटरभर डिझेलचं वजन किलोसुद्धा भरत नाही, मग त्यातून २.६८ किलो कसं निघतं? आमच्या मुनीमजींनी हे वाचलं आणि मान हलवली.

दुसरा, आमच्या मिलमध्ये क्विंटलभर तुरीतून साधारण ७०-७५ किलो डाळ निघते. बाकी चुनी-भुसा, तो ढोरांच्या खुराकाला विकला जातो. मग विजेचं सगळं उत्सर्जन डाळीवरच टाकायचं का? आणि तूर कधी आपल्याकडची, कधी म्यानमारची, कधी आफ्रिकेतली. ते कसं धरायचं?

---

गिरणाकाठ (जळगाव)

मुनीमजींची शंका रास्त आहे. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो. १२ भार कार्बनला ३२ भार ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ भार कार्बन डायऑक्साइड होतो. जास्तीचं वजन हवेतून आलंय. टाकीत शोधून सापडणार नाही.

चुनीचं म्हणाल तर एकाच यंत्रातून दोन माल निघतात तेव्हा उत्सर्जन दोघांत वाटतात, वजनावर किंवा विक्रीच्या किमतीवर. मी तुमच्या जागी असते तर किमतीवर वाटलं असतं. मिल चालते डाळीसाठी, चुनीसाठी कोणी मिल टाकत नाही. कुठलीही पद्धत घ्या, पण ती कागदावर लिहा आणि पुढच्या वर्षी तीच ठेवा. पद्धत बदलून आकडा खाली आणला तर त्याला घट म्हणत नाहीत.

बाहेरच्या तुरीचा प्रवास स्कोप ३ मध्ये येतो. टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर न्यायला, जहाज ट्रकपेक्षा कितीतरी हलकं पडतं, त्यामुळे बंदरापासून धुळ्यापर्यंतच्या ट्रककडे जास्त लक्ष द्या. लॉटनुसार मूळ देश लिहून ठेवण्याची सवय आत्ताच लावा, नंतर कोणाला आठवत नाही.

---

सातपुडा_पायथा (रावेर)

ताई, मी केळीवाला. आमच्याकडून माल घेणारा निर्यातदार आता विचारतो की किलोमागे किती कार्बन. गावात सगळे म्हणतात, दिल्लीला ट्रक जातो तोच मोठा खर्च असणार, बाकी काय, झाडं तर कार्बन खातात. मला हे तपासायचंय. आकडे देतो. लागवड पाच बाय पाच फुटांवर, ठिबक. पावसाळा सोडून साधारण २५० दिवस झाडाला रोज सरासरी १२ लिटर पाणी. बोअरमध्ये पाणी तीनशे फुटांवर. नत्र शिफारशीप्रमाणे झाडाला २०० ग्रॅम, सगळं युरियातून. घड २० किलोचा धरा. ट्रकमध्ये १५ टन माल, लिटरला चार किलोमीटर, दिल्ली ११०० किलोमीटर.

विजेला मीटर नाही, पंपाच्या अश्वशक्तीवर आकारणी होती. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ झालंय. त्यामुळे युनिट किती ते मला सांगता येणार नाही.

---

गिरणाकाठ (जळगाव)

दादा, असे आकडे मिळाले की काम करायला आनंद वाटतो. सविस्तर लिहिते, इतर केळीवाल्यांनाही उपयोग होईल.

ट्रक आधी. ११०० किलोमीटरला २७५ लिटर डिझेल, म्हणजे ७३७ किलो. १५ टनांवर वाटलं की किलोभर केळीमागे ४९ ग्रॅम. ट्रकला परतीचं भाडं मिळतं असं धरून ही एकेरी फेरी घेतलीय.

आता युरिया. यात दोन गोष्टी घडतात. युरिया मातीत विरघळताना त्याच्या घडणीतला कार्बन डायऑक्साइड सुटतो, एका किलो युरियाला साधारण ०.७३ किलो. आणि नत्रातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातो. आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, सर्वसाधारण अंदाज १ टक्का. ऐकायला हे कमी वाटतं, पण हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. २०० ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम युरिया. त्यातून ३२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि ३.१ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, ज्याचा परिणाम ८६० ग्रॅमच्या बरोबरीचा. झाडामागे ११८० ग्रॅम, २० किलोच्या घडावर वाटलं की किलोला ५९ ग्रॅम. युरिया कारखान्यात बनताना लागलेली ऊर्जा यात अजून धरलेलीच नाही.

मीटर नसलेल्या पंपाचा हिशेब पाण्यावरून काढता येतो. १००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला निखळ गणितानं ०.२७ युनिट लागतं. शेतावरचा पंप, मोटर, पाइपातलं घर्षण हे सगळं धरून कार्यक्षमता ४० टक्के घेतली तर ०.६८ युनिट. तुमचे तीनशे फूट अधिक ठिबकचा दाब मिळून १०० मीटर होतात. झाडाला वर्षभरात ३००० लिटर, म्हणजे दोन युनिटच्या वर थोडं, म्हणजे १.४३ किलो कार्बन डायऑक्साइड. केळीच्या किलोला ७१ ग्रॅम.

तर पंप ७१, युरिया ५९, दिल्लीचा ट्रक ४९. बिल शून्य येतं तो खर्च सगळ्यात मोठा निघाला. आपण पैसे मोजतो तिथेच लक्ष जातं, आणि पंपाचे पैसे कोणी मोजत नाही.

झाडं कार्बन खातात हे खरं, पण केळीचं झाड वर्ष-दीड वर्षात कापून पडतं आणि कुजतं, खाल्लेला कार्बन परत जातो. म्हणून तो वजा धरत नाहीत.

---

सातपुडा_पायथा (रावेर)

वाचून थोडा वेळ गप्प बसलो. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, पाणी खाली गेलं तेव्हाच सगळं महाग झालं, तुम्हाला आता कागदावर दिसलं. यावल-रावेरच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते कोणाला सांगायला नको. जुन्या विहिरींच्या काळात हाच आकडा निम्म्याहूनही कमी आला असता, नाही का?

पंप बदलला तर किती फरक पडेल?

---

गिरणाकाठ (जळगाव)

कार्यक्षमता ४० वरून ५५ वर गेली तर ७१ चे ५२ होतात. पाणी तीनशेऐवजी शंभर फुटांवर असतं तर, ठिबकचा दाब धरूनही, आकडा तीस ग्रॅमच्या आसपास आला असता. वडील म्हणतात ते अगदी बरोबर. या भागात पाणीपातळी आणि कार्बन एकच गोष्ट आहे. शेततळं, नाला खोलीकरण, बोअर पुनर्भरण यांना कोणी कार्बन कमी करण्याचं काम म्हणत नाही, पण केळीपट्ट्यात ते तसंच आहे.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून सौरपंप घेतला तर विजेचं उत्सर्जन जवळजवळ संपतं. पण पाणी फुकट उपसता येतं म्हणून जास्त उपसू नका, ही हात जोडून विनंती. युरियात हात लगेच घालता येईल. माती परीक्षण करून मात्रा ठरवा, ठिबकमधून थोडा थोडा द्या. जेवढा नत्र झाडाच्या पोटात जाईल तेवढा हवेत कमी जाईल.

---

थंडा_मेकॅनिक (भुसावळ)

मी कोल्डरूम, रायपनिंग चेंबर (फळं पिकवायच्या खोल्या), एसीची कामं करतो. या धाग्यात एक गोष्ट कोणीच काढली नाही, ती माझ्या रोजच्या हातातली आहे म्हणून लिहितो. थंड करणाऱ्या यंत्रांत भरलेल्या गॅसची गळती.

लहान कोल्डरूममध्ये बऱ्याच ठिकाणी आर-४०४ए गॅस असतो. त्याचा एक किलो हवेत गेला तर तो सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. गिरणाकाठ ताईंच्या हिशेबानं बघा, जवळजवळ १४५० लिटर डिझेल जाळल्यासारखं. आणि उन्हाळ्यात भुसावळला ४५-४६ डिग्री झाली की कंडेन्सरवर ताण येतो, फ्लेअर नट सैल पडतो, ब्रेझिंगला चीर जाते. मालकाचा फोन येतो, थंड होत नाही, गॅस भरून टाक. गळती कुठे आहे ते शोधायला साबणाचं पाणी किंवा नायट्रोजनचा दाब लावायला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं, म्हणून बरेच जण नुसता गॅस भरून निघून जातात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मेकॅनिकच्या बिलावर काय असतं? 'गॅस चार्जिंग', पुढे रक्कम. कुठला गॅस, किती किलो, काही नाही. मालकांनी एवढंच सांगावं की गॅसचं नाव लिही, आणि भरण्याआधीचं नि नंतरचं सिलिंडरचं वजन लिही. वजनकाटा प्रत्येक मेकॅनिककडे असतोच. जेवढा भरला तेवढा आधी गळाला होता, हिशेब संपला.

मोठ्या कोल्ड स्टोअरेजमध्ये अमोनिया असतो. त्याचा तापमानवाढीला हातभार नाही, पण तो विषारी आहे, त्याची काळजी वेगळी.

---

गिरणाकाठ (जळगाव)

भाऊ, हा प्रतिसाद मी उद्याच तीन जणांना पाठवणार आहे. हे स्कोप १ मध्ये येतं आणि आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक तक्त्यात ती ओळ रिकामी असते. 'गॅसचं नाव, आधीचं वजन, नंतरचं वजन' एवढा शिक्का करून बिलबुकात मारायचा, असं मालकांना सुचवते.

---

काळी_माती (अमळनेर)

माझं मत जरा वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी त्याच्या दुप्पट, अमेरिकेची त्याहून कितीतरी जास्त. कापसाला भाव नाही, पाऊस लहरी झाला, आणि त्यात शेतकऱ्यानं आता नायट्रस ऑक्साइडचे ग्रॅम मोजायचे? ज्यांनी दीडशे वर्षं धूर केला त्यांनी मोजावं. इथे मोजायचं तर आधी दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र मोजा.

---

गिरणाकाठ (जळगाव)

काळी_माती भाऊ, जबाबदारी कोणाची जास्त यावर माझं-तुमचं भांडण नाही. माणशी आकडे तुम्ही बरोबर दिलेत आणि ते विसरता कामा नयेत.

दीपनगर मोजलंच जातं. तिथे जळणारा कोळसा हा वीज केंद्राचा स्कोप १. तीच वीज घेणाऱ्या चटई कारखान्याचा तो स्कोप २. एकच धूर दोन वह्यांत दिसतो, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे स्कोप कधी एकत्र बेरीज करायचे नसतात. एक जाळतो, दुसरा जाळायला लावतो, दोघांच्याही हातात काही ना काही आहे, एवढंच त्यातून कळतं.

आणि शेतकऱ्यानं का मोजावं, तर त्याचा आकडा दुसऱ्यानं कुठल्यातरी परदेशी सरासरीवरून लावू नये म्हणून. रावेरच्या दादांकडे स्वतःचे आकडे नसते तर निर्यातदारानं दुसऱ्या देशातल्या बागेचा आकडा त्यांच्या केळीला चिकटवला असता. वाद घालायला मग हातात काय राहिलं असतं?

---

काळी_माती (अमळनेर)

हा मुद्दा पटला. मापात पाप दुसऱ्यानं करण्यापेक्षा माप आपल्या हातात असलेलं बरं. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं, विचारतो मग. कापूस संपला की आम्ही शेतात पेटवतो. काही लोक आता ती बॉयलरसाठीच्या ब्रिकेटवाल्यांना देतात. आणि हिवाळ्यात भरीत भाजायला लागते ती वेगळीच. याचं काय?

---

गिरणाकाठ (जळगाव)

पऱ्हाटी जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच हंगामात झाडानं हवेतून घेतलेला असतो. तो 'जैविक' म्हणून स्कोपच्या बाहेर, वेगळ्या ओळीत दाखवतात. पण जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र मोजायचा. शेतात ओलसर ढीग धुमसला की मिथेन, काजळी जास्त निघते, बॉयलरमध्ये नीट जळाली की कमी. शिवाय बॉयलरमध्ये ती दगडी कोळशाची जागा घेते, खरा फायदा तिथे आहे. म्हणून ब्रिकेटवाला जवळ असेल तर त्यालाच द्या. भरिताचं निर्धास्त करा, वांग्याला पऱ्हाटीचाच खरपूसपणा हवा.

---

ब्राह्मणवेलचा_वारा (साक्री)

आमच्या तालुक्यात पवनचक्क्या आहेत, महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. मग माझ्या पिठाच्या गिरणीला ०.७ का लावायचं? आमची वीज तर स्वच्छ झाली.

---

गिरणाकाठ (जळगाव)

दुर्दैवानं नाही. सगळी वीज एकाच ग्रीडमध्ये जाते. गावाशेजारी पंखे फिरतात म्हणून तुमच्या तारेत तीच वीज येत नाही, आणि ०.७ मध्ये देशभरचा वारा-सूर्य आधीच धरलेला असतो. गिरणीच्या छतावर स्वतःचं सौर बसवलंत तर जेवढी युनिटं तुम्ही स्वतः वापराल तेवढी स्कोप २ मधून कमी होतील. ग्रीडला दिलेली युनिटं मात्र उरलेल्या उत्सर्जनातून वजा करायची नाहीत, ती वेगळी दाखवायची. यात सोलार विकणारे फार घोळ घालतात.

---

मास्तरीणबाई (नवापूर)

वाचनखूण साठवली. नववीच्या मुलांकडून घरचा हिशेब करून घेतेय. एका घरचं नमुन्याला देते, चार माणसं. महिन्याला १५० युनिट, एक सिलिंडर, मोटारसायकलला २० लिटर पेट्रोल. १०५ अधिक ४२ अधिक ४६, म्हणजे १९३ किलो. माणशी वर्षाला अर्ध्या टनाच्या थोडं वर. मुलांनी प्रवासही काढला. एकट्यानं कारनं गेलं तर किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या पुढे, मोटारसायकलला ४६, आणि भरलेल्या एसटीत माणशी पंधराच्या आसपास. एसटीचा आकडा बघून वर्गात एकदम गलका झाला, कारण निम्मी मुलं एसटीनंच येतात.

पण आमच्याकडे भात आहे आणि बहुतेक घरी म्हैस. एका मुलीनं विचारलं, बाई, म्हैस धरायची का? मी म्हटलं विचारून सांगते.

---

गिरणाकाठ (जळगाव)

बाई, त्या मुलीला शाबासकी द्या. धरायची. आयपीसीसीच्या जुन्या सर्वसाधारण आकड्यानुसार भारतीय उपखंडातली म्हैस रवंथ करताना वर्षाला साधारण ५५ किलो मिथेन सोडते. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट उष्णता अडवतो असं धरलं की दीड टन. त्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षाही जास्त. पण तो घरखर्चात मिसळू नका, शेतीची वेगळी ओळ करा, आणि दुधाच्या लिटरमागे मांडा. वर्षाला १५०० लिटर दूध देत असेल तर लिटरला एक किलो. दूध वाढलं की लिटरमागचा आकडा खाली येतो, म्हणून चांगला चारा आणि वेळेवर उपचार हेही त्यात मोजलं जातं. शेणाचा हिशेब निराळा. गोबरगॅस असेल तर सिलिंडर किती कमी लागतं ते मुलांना नोंदवायला सांगा.

भातासाठी खाचरात पाणी किती दिवस उभं राहतं ते लिहून घ्या. साचलेल्या पाण्याखाली मिथेन बनतो, मधून मधून पाणी काढलं की तो कमी होतो. मुलांनी पेरणीपासून तारखा नोंदवल्या तर कापणीला आपण इथेच बसून तो हिशेब लावू.